खळ्यावरची बाग

सुचित्रा टिपणीस नेरूळला राहायला आली तेव्हा तिच्या इमारतीच्या गच्चीवरून थेट खाडी दिसायची. मध्ये काहीच नव्हतं. एक कच्चा रस्ता, त्याच्यापलीकडे भरतीचं पाणी अडवायला घातलेला बांध, बांधाखाली चिखल, तिवरांची झुडपं आणि मग पाणी. साल १९९१. तिचं सरकारी ऑफिस फोर्टातून बेलापूरला हललं, तशी ठाण्याची दोन खोल्यांची जागा सोडून ती आईला घेऊन इथे आली. वय सत्तेचाळीस. लग्न करायचं राहून गेलं होतं, आणि त्याबद्दल विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. ऑफिसात ती वरिष्ठ लिपिक. साहेबांना एखादं पत्र नेमकं जमत नसेल तर ते तिच्या टेबलावर यायचं आणि तासाभरात असं होऊन जायचं की पलीकडच्या खात्याला नाही म्हणायची सोयच राहायची नाही.

आईला नवी जागा मानवली नाही. 'इथे माणसंच नाहीत गं, नुसत्या भिंती,' म्हणायची. पुढच्या वर्षी ती गेली. तिच्यामागे सुचित्राच्या संध्याकाळी एकदम मोकळ्या पडल्या. इतकी वर्षं ऑफिसातून आलं की आईची औषधं, आईचं जेवण, आईच्या तक्रारी. आता कुलूप उघडलं की आत फक्त फ्रिजचा आवाज. म्हणून ती घरी जायच्या आधी बांधावर जाऊ लागली.

बांध एका ठिकाणी रुंद होऊन तिथे चांगलं दीड-दोनशे पावलांचं पटांगण झालं होतं. अर्ध्या भागात नव्या इमारतींचं डेब्रिस येऊन पडायचं, फुटक्या फरशा, सिमेंटचे गड्डे, गंजलेल्या सळ्या. उरलेल्या अर्ध्या भागात जमीन शेणानं सारवलेली, लख्ख झाडलेली, आणि तिच्यावर गुलाबी करंदीचा, बारीक कोळंबीचा, पातळ थर पसरलेला. शेजारी बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले. पहिल्या दिवशी सुचित्रा नकळत त्या सारवणावर पाय टाकणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"ए बाय, चपला काढ. खानं हाय ते."

साठीच्या एक बाई, काटक, कासोटा घातलेल्या, हातात खराटा. सुचित्रानं खरंच चपला काढल्या आणि हातात धरून उभी राहिली. ते बघून बाई हसल्या.

"काढल्यास ना? मंग बस आता."

त्या शेवंताबाई. बांधाला लागून असलेल्या तांडेल पाड्यातल्या. पाडा म्हणजे तीस-पस्तीस घरं. नवऱ्याचं मिठागर होतं, ते शहरासाठी गेलं. नवराही नंतर गेला. मुलगा भैरू बोट चालवायचा, सून जयमाला नववीपर्यंत शिकलेली, आणि मासळी वाळवायचं हे खळं पाड्यातल्या अकरा बायकांचं, सासूकडून सुनेकडे आलेलं. शेवंताबाई त्यांच्यातल्या थोरल्या.

"आमचं मिठागर कुठं व्हतं ठाव हाय?" एकदा त्यांनी विचारलं, आणि खराट्यानंच दाखवलं. "ती तुजी बिल्डिंग हाय ना, तिच्याखाली." हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. नवख्या माणसाला पत्ता सांगावा तसं सांगितलं.

सुचित्रा मूळची पेणची, चंद्रसेनीय कायस्थ प्रभू घरातली. सुक्या मासळीचा वास तिच्यासाठी माजघरातला वास होता. आई असेपर्यंत घरात सोड्याची खिचडी व्हायची, तीसुद्धा स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊन, कारण वरच्या मजल्यावरचे बापट आणि समोरचे शहा दोघेही नाक मुरडायचे. शेवंताबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला वर्तमानपत्रात बांधून सोडे दिले. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, सुचित्रानं जबरदस्तीनं दिले. मग रोजचं बसणं सुरू झालं. सोडे निवडता निवडता बोलायचं, खाडीत पाणी चढताना बघायचं, अंधार पडला की घरी. आईनंतर त्या बांधावर कुणीतरी तिला 'तू' म्हणत होतं, हे तिला फार बरं वाटायचं.

१९९४च्या फेब्रुवारीत सोसायट्यांच्या पाटीवर एक नोटीस लागली. 'आपला किनारा, आपली जबाबदारी'. खाली सही जयप्रकाश देवस्थळी. देवस्थळी बँकेत अधिकारी, उंच, उत्साही, एका वाक्यात तीन कामं वाटून मोकळे होणारे. बांधावरचं डेब्रिस हटवायचं, तिथे झाडं लावायची, दर रविवारी सकाळी साडेसहाला जमायचं. पहिल्या रविवारी बाराजण आले. कॉलेजात शिकवणाऱ्या अस्मिता बापट आल्या, वरच्या मजल्यावरच्याच. तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर असलेले भगवान खिल्लारे आले. ते मूळचे परभणीकडचे, शेजारच्या सेक्टरातल्या छोट्या घरांत राहायचे. तिकडून पाटी वाचून आपणहून आलेले ते एकटेच. आणि सुचित्रा आली. मंडळाचं नाव 'खाडीकिनारा मित्रमंडळ' ठरलं, आणि सचिव कोण, असं विचारल्यावर देवस्थळी म्हणाले, "विचारायचंय काय त्यात? टिपणीसबाई. अख्ख्या नेरूळमध्ये असा ड्राफ्ट कुणाचा नाही."

ती लाजली. आवडलंही तिला.

ती माणसं राबली, यात खोटं काही नाही. तीन महिने त्यांनी हातानं डेब्रिस उचललं. बँकेचा अधिकारी आणि कॉलेजची प्राध्यापिका एका घमेल्याला हात लावून चालायचे. मग झाडं आली. गुलाब, मोगरा, जास्वंद, अशोकाची रांग, मधोमध गुलमोहर. मे संपेपर्यंत सगळ्यांची पानं कडेनं करपली आणि जूनच्या वाऱ्यात उरलीसुरली आडवी झाली. देवस्थळींनी पुन्हा आणली, ती पुन्हा मेली.

शेवंताबाई खळ्यावरून हे सगळं बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"सुचित्रा, तुमची मानसं रोज मयताला येतात का काय?"

"काय चुकतंय ते तरी सांगा ना."

"जमीन खारी हाय, वारा खारा हाय, आन् तुमी गुलाब लावताव." त्या उठल्या, एका खड्ड्यातली माती चिमटीत धरून जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. "खड्डं खनून पावसाभर उघडं ठेवा. मीठ धुऊन जाऊ द्या. श्रावन सरला का लावा. आन् लावायचं काय, तर भेंडी. भाजीची नाय, झाडाची. आमच्या दारात हाय ना, फुलं पिवली येतात ती. फांदी तोडून खोचली तरी लागतं. मागं करंज, उंडी. उतारावर मर्यादवेल, ती माती धरते."

पुढच्या रविवारी सुचित्रानं हे मंडळात सांगितलं. 'माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत' एवढंच म्हणाली. का कोण जाणे, त्या समोरच खळ्यावर बसलेल्या शेवंताबाई, असं तिनं बोट दाखवून सांगितलं नाही. देवस्थळींना पटलं. पाऊसभर खड्डे उघडे राहिले. सप्टेंबरात शेवंताबाईंनी दारच्या भेंडीच्या हाताएवढ्या जाड फांद्या कोयत्यानं तोडून दिल्या, चाळीस फांद्या, आणि भगवान खिल्लाऱ्यांनी त्या सायकलला बांधून आणल्या.

चाळीसपैकी छत्तीस लागल्या.

त्यांना जगवलं मात्र मुख्यतः दोघांनी. देवस्थळींना बदलीच्या धावपळी, अस्मिताबाईंना पेपर तपासायचे, बाकीचे पाहुण्यासारखे. खिल्लारे पहिली पाळी करून चारला परत यायचे आणि कारखान्यातून आणलेल्या दोन निळ्या कॅनमधून पाणी वाहायचे. सुचित्रा साडेसहाला ऑफिसातून आली की उरलेल्या रांगेला घालायची. पाणी शेवंताबाईंच्या दारच्या नळाचं. पाड्याला एक वेळ पाणी यायचं, त्यातून त्या ड्रम भरून ठेवायच्या.

१९९६च्या दिवाळीपर्यंत बांधाचं रूप पालटलं. भेंडी डोक्याच्या वर गेली. सकाळी पिवळी धमक असलेली तिची फुलं संध्याकाळी तांबूस होऊन गळायची. उतारावर मर्यादवेल पसरली, तिला जांभळे भोंगे आले. मंडळानं बाकं बसवली. लोक मुलांना घेऊन येऊ लागले, आजोबांचे गट जमू लागले, एका वर्तमानपत्रानं फोटो छापला. फोटोत देवस्थळींच्या हातात झारी होती. सुचित्राला त्याचं काही वाटलं नाही. ती खरोखर खूश होती. पन्नाशी ओलांडल्यावर आपण काहीतरी उगवलं, असं ती स्वतःशी म्हणायची.

वासाची तक्रार सुरू झाली ती त्याच थंडीत. आधी बांधावर कुणी येतच नव्हतं, त्यामुळे वास कुणाला येणार? आता बाकावर बसलं की वारा खळ्यावरून यायचा.

"गार्डन इतकं छान झालंय," अस्मिता बापट एका रविवारी म्हणाल्या, "पण त्या मासळीमुळे पाच मिनिटं बसवत नाही हो. परवा आमचे पुण्याचे पाहुणे आले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. सुचित्राच्या पर्समध्ये त्या वेळी शेवंताबाईंनी आदल्या संध्याकाळी दिलेली सोड्यांची पुडी होती. तिनं पर्स मांडीवरून उचलून पाठीमागे ठेवली.

जानेवारीत सरकारी कार्यालयातून एक अधिकारी पाहणीला आले. जागा नेमकी कुणाच्या ताब्यात, हे त्यांनाही सांगता आलं नाही, पण सुशोभीकरणाची योजना त्यांच्याकडे होती. कुंपण, दिवे, फरसबंद वाट, फाटक, पगारी माळी. मंडळानं रीतसर अर्ज करावा, म्हणाले, आणि जाता जाता खळ्याकडे बघून पुढे म्हणाले, "हे एवढं क्लीअर असेल तर लगेच होईल. नाहीतर फाइल अडकते."

देवस्थळी त्याच संध्याकाळी सुचित्राच्या घरी आले.

"टिपणीसबाई, अर्ज तुम्हीच करा. आणि त्या वासाचं एक वाक्य टाका मध्ये. माझ्या हातून ते भांडणासारखं होतं. तुम्हाला जमेल."

"पण त्या बायका तिथे आधीपासून आहेत, देवस्थळी."

"मी कुठे नाही म्हणतोय? त्यांना दुसरी जागा देतीलच ना ते. उलट चांगली, पक्की देतील. टेन्शन घेऊ नका. आपण फक्त वस्तुस्थिती लिहायची."

ते गेल्यावर सुचित्रा कागद घेऊन बसली. एकतीस वर्षं तिनं हेच काम केलं होतं. वाक्य सापडायला तिला दहा मिनिटं लागली. 'सदर सार्वजनिक जागेवर काही स्थानिक महिला अनधिकृतरीत्या मासळी वाळविण्याचा व्यवसाय करीत असल्याने परिसरात दुर्गंधी व अनारोग्य पसरत असून, नागरिकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे. सबब, सदर अतिक्रमण तातडीने दूर होणे आवश्यक आहे.' तिनं ते एकदा वाचलं. 'काही स्थानिक महिला' लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर कुणीच नव्हतं. 'सबब' बरोबर जागी पडला होता. पुढे कितीदा तरी तिला आठवायचं की त्या क्षणी आपल्याला समाधान वाटलं होतं. चांगलं काम हातून उतरल्याचं समाधान.

रविवारी तिनं मसुदा मंडळात वाचून दाखवला. देवस्थळींनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात ड्राफ्ट!"

खिल्लारे मागे उभे होते. ते सहसा बोलायचे नाहीत.

"ताई, मी काय म्हणतो," ते म्हणाले, "हे लिहायच्या आधी त्या बायांला विचारलं का कुणी?"

"विचारायचं काय त्यात?" देवस्थळी म्हणाले.

"जागा त्यांची हाय म्हणून विचारायचं. झाडं त्यांच्या दारची, पाणी त्यांचं. आन् अतिक्रमण त्यांचंच? आमच्या गावात आमची वस्ती उठवली तवा कागदावर हेच शब्द होते. दुर्गंधी, अनारोग्य. वास तर गावाला आमच्या अंगाचाबी यायचा."

अस्मिताबाई बाकावरची पानं झटकू लागल्या. खिल्लाऱ्यांनी सुचित्राकडे पाहिलं, कारण खळ्यावर रोज कोण बसतं ते त्यांना माहीत होतं. तिथे सगळ्यांच्या देखत दोन वाक्यं बोलायची होती तिला. मी त्या बाईंना ओळखते. हे वाक्य मी काढते. बस, एवढंच.

"मसुदा आहे नुसता," ती म्हणाली. "नंतर बदलता येईल."

"मग आमचं नाव काढा यातून," खिल्लारे म्हणाले आणि दोन्ही कॅन सायकलला अडकवून निघून गेले. ते पुन्हा बांधावर आले नाहीत.

मसुदा बदलला गेला नाही. सोमवारी टंकलिखित होऊन आला, आणि तिनं सचिव म्हणून सही केली.

मार्चमधल्या एका मंगळवारी, ती ऑफिसात असताना, अतिक्रमण हटवणाऱ्यांचा ट्रक आला. संध्याकाळी ती बांधावर पोहोचली तेव्हा वलांड्यांचे बांबू नेलेले होते आणि सारवलेल्या जमिनीवर टायरचे चर उमटले होते. तीन दिवसांची करंदी, जवळा, बोंबील खाडीत ओतून दिलेले. पाण्यावर कावळे आणि बगळे तुटून पडले होते. बायका बांधावर ओळीनं बसल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. शेवंताबाईंच्या कोपराला खरचटलं होतं, त्यावर त्यांनी हळद लावली होती.

सुचित्राला बघून त्या उठल्या.

"बरा झाला तू आलीस. बघ काय केलान ते. कोनी तरी कागद दिलान म्हनं आमच्यावर." त्यांनी तिचा हात धरला. "तू लिवनारी हायस. सरकारात हायस. आमच्यासाटी एक अरज लिव, सुचित्रा. आमाला काय बोलता येत नाय त्यांच्यापुढं."

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण शेवंताबाईंचा हात तिच्या मनगटावर होता, आणि तो सुटेल याची तिला भीती वाटली.

"लिहिते," ती म्हणाली.

आणि तिनं लिहिला. असा अर्ज तिनं आयुष्यात लिहिला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, अकरा कुटुंबांची उपजीविका, पूर्वसूचनेशिवाय केलेली कारवाई, मालाची नासाडी. खाली अकरा अंगठे आणि जयमालाची सही. तो तिनं रजा टाकून स्वतः नेऊन दिला. मनात हिशेब असा की हा कागद इतका जबरदस्त आहे की आधीच्या कागदाला गिळून टाकेल, मग कुणाला काही कळायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी ती देवस्थळींकडे गेली. "आपण अर्ज मागे घेऊ या," म्हणाली. "निदान ते वाक्य."

देवस्थळी रागावले नाहीत. तिला त्यांनी बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितला. "तुम्ही इमोशनल झालात, टिपणीसबाई. मलाही वाईट वाटतं. पण आता मंजुरी आलीय. मागे घेतला तर कुंपण जाईल, दिवे जातील, पुन्हा डेब्रिस पडेल. तीन वर्षांचं काम, तुमचं स्वतःचं, मातीत." मग जरा थांबून म्हणाले, "आणि सही तुमची आहे ना."

ती एकटीच कार्यालयात गेली. तिथल्या लिपिकानं तिचं मागे घेण्याचं पत्र वाचलं आणि परत केलं. "मंडळाचा ठराव लागेल, बाई. एकट्या सचिवाचं चालत नाही." तिच्या टेबलावर असं पत्र आलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं.

पाड्याच्या अर्जाचं उत्तर एप्रिलअखेर आलं. त्या संध्याकाळी सुचित्रा पाड्यात गेली तर शेवंताबाईंच्या ओटीवर सगळ्या बायका जमलेल्या. जयमालाच्या हातात कागद होते. पहिलं पान कार्यालयाचं होतं, 'खाडीकिनारा मित्रमंडळ यांच्या अर्जान्वये कारवाई करण्यात आली असून', आणि त्याला माहितीसाठी त्या अर्जाची प्रत टाचलेली. जयमालानं अक्षर अक्षर लावत ते वाचून दाखवलं होतं, अगदी खालच्या नावापर्यंत.

सुचित्रा पायरीशी थांबली. वर ये, असं कुणी म्हणालं नाही.

"दुर्गंधी म्हंजी काय गो?" शेवंताबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "जयमाला बोलते, वास. घान वास."

"शेवंताबाई, मला त्यांनी..."

"तुला आला वास?"

"नाही."

"पाच वरसं माझ्या खल्यावर बसलीस. डबं भरून सोडं नेलंस. तवा नाय आला?"

"नाही हो. मला कधीच नाही आला."

"मंग लिवलास कशाला?"

देवस्थळींनी सांगितलं म्हणून, हे खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. चारचौघांत मासळीवाल्यांची बाजू घेणारी म्हणून दिसायची लाज वाटली, हे जास्त खरं होतं, पण ते त्या ओटीसमोर तोंडातून निघेना.

"आन् मंग आमचा अरजबी तूच लिवलास," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांना याचंच जास्त नवल वाटत होतं. "दोनी बाजूनं तूच."

त्यांनी जयमालाच्या हातातून कागद घेतले, नीट घडी घातली आणि सुचित्राच्या हातात दिले. "घ्या बाई. तुमचं हायत."

'तुमचं' हा शब्द ऐकून ती वळली. कागद हातात धरूनच ती पाड्यातून बाहेर पडली.

तिनं मंडळाचा राजीनामा दिला. आठवड्याच्या आत अस्मिता बापट सचिव झाल्या. बाग मे महिन्यात तयार झाली. खळ्याच्या जागी फरशा आणि लहान मुलांची घसरगुंडी आली. उद्घाटनाला पाड्यातलं कुणी नव्हतं. सुचित्राही नव्हती, पण ध्वनिक्षेपक तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ऐकू येत होता. देवस्थळींनी भाषणात तिचे आभार मानले.

बदली जागा पाड्याला मिळाली नाही. बायका काही दिवस रस्त्याच्या कडेला, डांबरावर ताडपत्री टाकून मासळी वाळवत राहिल्या. ट्रकची धूळ आणि धूर लागलेला माल व्यापाऱ्यांनी घेतला नाही. एकेक करून त्यांनी सोडून दिलं. अकरातल्या सात जणी नव्या इमारतींमध्ये धुण्याभांड्याला लागल्या. भैरूनं बोट विकली. शेवंताबाई खाडीपलीकडच्या मोरा बंदरावरून वाळवलेली मासळी घाऊक आणायच्या, दुसऱ्यांच्या हातची, आणि टोपली डोक्यावर घेऊन सेक्टरात फिरायच्या. सुचित्राच्या इमारतीतही यायच्या. तळमजल्यावरच्या एका घराला द्यायच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या एकांना द्यायच्या. दुसऱ्या मजल्यावरून जाताना त्यांची हाक थांबायची आणि पायऱ्या संपल्यावर पुन्हा सुरू व्हायची. पहिल्यांदा सुचित्रानं दार उघडलं. त्या तिच्यासमोरून गेल्या, रागानं नाही, तिथे दारच नसावं तशा. नंतर हाक ऐकू आली की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची.

खिल्लारे एकदा बाजारात भेटले. तिनंच थांबवलं. "तुम्ही बरोबर होता," म्हणाली.

"ताई, मी बरोबर असून काय झालं?" ते म्हणाले. "माझ्या बोलण्यानं एक खिळाबी हलला नाही. तुमच्या बोलण्यानं हलला असता." आणि कोथिंबीर पिशवीत टाकून पुढे गेले.

१९९९च्या डिसेंबरात तिची भाची सुमेधा अमेरिकेहून आली. मावशीची बाग बघायचीच म्हणून हट्ट धरून बसली. तिच्या आईनं, सुचित्राच्या बहिणीनं, तिला पत्रातून कधीतरी कळवलं होतं. सुचित्रा अडीच वर्षांनी बांधावर गेली. फाटकावर वेळा लिहिल्या होत्या. सुमेधा फोटो काढत पुढे गेली, आणि सुचित्रा भेंडीखालच्या एका बाकावर बसली. झाडं दुमजली उंच झाली होती. खाली पानांचा आणि तांबूस फुलांचा खच पडला होता.

खाकी कोट घातलेली एक बाई खराट्यानं तो खच ओढत ओढत जवळ आली. कंत्राटदाराची सफाई कामगार. ती जयमाला होती.

"जयमाला," सुचित्रा म्हणाली. "कशी आहेस? सासूबाई बऱ्या आहेत ना?"

जयमालानं मान वर केली. ओळखलं तिनं, लगेच ओळखलं.

"बऱ्या हायत," ती म्हणाली. मग खराटा बाकाच्या पायाशी टेकवून थांबली. "बाई, जरा सरका. झाडायचं हाय."

सुचित्रा उठून उभी राहिली. जयमालानं बाकाखालचं झाडलं, कचरा टोपलीत भरला आणि पुढच्या बाकाकडे गेली. लांबून सुमेधा हाक मारत होती, मावशी, इथे ये, तुझा एक फोटो घेऊ झाडाबरोबर. सुचित्रानं हातानंच नको म्हटलं आणि फाटकाकडे चालू लागली.